सिस्टर, जरा बसा की

(दृश्य: रुग्णालयाच्या फाटकातून आत येणारी रिक्षा.)

'चल, अंबाबाईचं दर्शन घेऊन येऊ,' असं सांगून घरच्यांनी त्याला गावाहून आणलंय. रिक्षा देवळाकडं न वळता दवाखान्यात शिरली, तेव्हा आपल्याला फसवलंय हे त्याला कळून चुकलं. आता तो कुणाशीच बोलायला तयार नाही. मनोविकाराच्या वॉर्डात अशी माणसं नेहमीची. घरच्यांचाही नाइलाज असतो. पण मोडलेला विश्वास पुन्हा जोडायचं काम सिस्टरच्या वाट्याला येतं.

ती खरं सांगून सुरुवात करते. "मामा, हा दवाखाना आहे. तुमच्या भावानं आणलंय तुम्हाला. मी इथली सिस्टर. आज रात्री माझीच ड्यूटी आहे." बस्स, एवढंच. छोटी वाक्यं, आवाज खाली, आणि उभं राहायचं ते दाराची वाट न अडवता. घाबरलेल्या माणसाला बाहेर पडायची वाट दिसत राहिली पाहिजे.

हाडाच्या वॉर्डात एक्स-रे असतो. इथं तपासायचं ते माणसाचं बोलणं. तो काय म्हणतो, कशावर अडतो, कुठं एकदम गप्प होतो, हे सगळं. डॉक्टर राउंड घेऊन ओपीडीकडं जातात, तिथं रांग लागलेली असते. दिवस-रात्रीचे उरलेले तास सिस्टर आणि ब्रदर यांचे. अमेरिकेतल्या नर्स हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्येच मांडलं होतं, की नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच या शुश्रूषेचा गाभा. आपल्याकडच्या ड्यूटीच्या तक्त्यात मात्र इंजेक्शनची वेळ असते, बीपीची असते. पेशंटजवळ बसून बोलण्याची वेळ कुठं असते? ती तिथं लिहिली गेली पाहिजे, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

(दृश्य: जेवणाची वेळ. झाकलेलं ताट.)

"सिस्टर, ह्यात कायतरी घातलंय."

"कायतरी काय घालतंय? गप जेवा," हे उत्तर चटकन तोंडात येतं. त्यानं ताट तसंच राहतं. "होय, घातलं असंल," म्हणणं तर त्याहून वाईट, कारण संशयाला साक्षीदार मिळतो. जाणती सिस्टर म्हणते, "मला तसं काही दिसत न्हाई, मामा. पण तुम्हाला भ्या वाटालंय, हे कळतंय मला. दुसरं ताट आणू? तुमच्यासमोरच वाढते." तिनं भास खरा मानला नाही, पण भीती खरी मानली.

बहुतेक नातेवाईक एक प्रश्न हळू आवाजात विचारतात. "सिस्टर, हे बाहेरचं तर नसंल न्हवं?" कितीतरी जण देवर्षाकडं जाऊन, उतारे टाकून मगच इथवर पोचलेले असतात. त्यांना हसलं, की ते पुन्हा तोंड उघडत नाहीत. "जोतिबाला जावा, अंबाबाईला जावा, पण गोळी चुकवायची न्हाई," हे उत्तर त्यांच्या घरात टिकतं.

गडहिंग्लज, चंदगड, निपाणीकडची काही माणसं मराठी बोलतात, पण जीव घाबरला की कानडीत शिरतात. अशा वेळी सिस्टरला "ऊट आयता?" (जेवण झालं का?) एवढं विचारता आलं, तरी आजीबाई तिच्याकडं मान वळवतात.

(दृश्य: व्हरांडा. येरझाऱ्या घालणारे पाय.)

हा तरुण सकाळपासून बसलेला नाही. बसतो, लगेच उठतो. आजार वाढलाय, असं कुणीही म्हणेल. सिस्टर त्याच्याबरोबर दोन फेऱ्या चालते आणि विचारते, "डोक्यात आवाज येतायत म्हणून चालालायस, का पायच ठरत न्हाईत?"

"पायच ठरत न्हाईत. आतनं कसंतरीच होतंय."

भास, संशय कमी करणाऱ्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी अशी तगमग होऊ शकते. अंग आखडतं, हात कापतात. सिस्टर डॉक्टरांना कळवते, मग डोस कमी करायचा की औषध बदलायचं, हे डॉक्टर ठरवतात. तिनं विचारलं नसतं, तर आजार वाढल्याचं समजून कदाचित औषध आणखी वाढलं असतं, आणि तगमगही. पेशंट गोळी गालात धरून नंतर थुंकतो, त्यामागंही कित्येकदा हाच त्रास असतो. तोंड उघडून दाखवायला लावण्याआधी, "गोळीनं काय होतंय तुला?" असं विचारायला हवं.

जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे विचारायला नवी सिस्टर कचरते. विचारलं तर नसलेलं डोक्यात शिरेल, अशी भीती वाटते. तसं होत नाही. सरळ, शांतपणे विचारलं तर माणूस बोलतो, आणि बऱ्याच जणांना हलकं वाटतं.

राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून एकदा पेशंट रत्नागिरीला दाखल केला, की घरच्यांच्या भेटी अवघड व्हायच्या. आज २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दाखल पेशंटला भेटीचा आणि फोनचा हक्क दिलाय. साखळीनं बांधायला, सक्तीनं डोकं भादरायला बंदी आहे. पण पेशंटच्या हातात कायद्याचं पुस्तक नसतं. हा हक्क त्याला कळायचा तो सिस्टरच्या तोंडून.

(दृश्य: डिस्चार्जचा कागद.)

घरी सोडताना सिस्टर आधी पेशंटलाच विचारते, "दुखणं उलटायला लागलं, की पयल्यांदा काय होतं तुम्हाला?"

"झोप उडते. मग टीव्हीतली माणसं माझ्यावरच बोलतात, असं वाटाय लागतंय."

"मग झोप उडाली, की कुणाला सांगणार?"

तो भावाकडं बघत नाही. "बहिणीला," म्हणतो.

सिस्टर बहिणीचा नंबर केसपेपरवर उतरवून घेते. कागदाच्या मागं टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लिहून देते. तिथं रात्री-अपरात्री फोन केला, तरी मराठीत बोलता येतं.