लाळेरं आणि रुमाल

[दृश्य: चाळीची गॅलरी. वाळत घातलेले कपडे.]

या दोरीवर सात लाळेरी आहेत आणि चार रुमाल. लाळेरी सात महिन्यांच्या नातीची, रुमाल आजोबांचे. तक्रार वरवर पाहता एकच, तोंडातून लाळ गळते. नातीचं लाळेरं घरातलं कोणीही हसत हसत बदलतं. आजोबा मात्र रुमाल काढतात ते आधी इकडेतिकडे बघून. लग्नकार्याला जाणं त्यांनी कधीच सोडलंय. पंगतीत शेजारच्याच्या पानाकडे लक्ष जाण्याऐवजी स्वतःच्या हनुवटीकडे जातं, म्हणतात.

[दृश्य: बाळ. मूठ तोंडात.]

आधी नातीचं बघू, ते सोपं आहे. साधारण तिसऱ्या महिन्यापासून बाळाच्या लाळग्रंथी जोरात कामाला लागतात. गिळण्याची सवय अजून बसलेली नसते, लाळ अडवायला पुढचे दात नसतात आणि हाताला लागेल ते तोंडात जात असतं. म्हणून लाळ गळते. दीड-दोन वर्षांत बहुतेकांची थांबते. चार वर्षांनंतरही गळत राहिली तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

आपल्याकडे म्हणतात, आईचे डोहाळे पुरवले नाहीत म्हणून बाळ लाळ गाळतं. या समजुतीपायी गर्भारणीला चार घास आवडीचे मिळाले असतील तर उत्तमच. पण न झालेल्या अळूवड्यांचा लाळेशी संबंध नाही.

[दृश्य: आजोबा, खिडकीपाशी खुर्चीत. मान किंचित खाली.]

आजोबांना कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन्स. घरच्यांचा समज असा की त्यांना लाळ फार सुटते. आजोबांचाही तोच समज. म्हणून ते पाणी कमी पितात, ताक सोडलंय, आंबट तर बंदच. यातल्या कशानंच फरक पडलेला नाही, आणि पडणारही नाही.

कारण त्यांची लाळ जास्त नाहीच. कंपवाताच्या रुग्णांत ती बहुधा नेहमीइतकी किंवा थोडी कमीच तयार होते.

धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते. मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. एक कानाच्या पाळीखाली, गालगुंड होतात तिथे. दुसरी जबड्याखाली. तिसरी जिभेखाली. जेवताना कानाजवळची जोडी जोर लावते. एरवी आपण नुसते बसलेलो असतो तेव्हा तोंड ओलं ठेवायचं काम मुख्यतः जबड्याखालच्या जोडीचं. ही सगळी लाळ जाते कुठे? आपण ती गिळतो. जागेपणी मिनिटाला साधारण एकदा, नकळत. हे वाक्य ऐकताना तुम्हीही आत्ता गिळलं असेल.

कंपवातात नेमकं हे ‘नकळत’ हरवतं. चालताना हात हलणं, डोळ्यांची पापणी लवणं, चेहऱ्यावरचे हावभाव, ही आपोआप होणारी कामं मंदावतात. गिळणंही त्याच यादीतलं. त्यात मान पुढे झुकलेली, ओठ थोडे उघडे. लाळ तोंडात साठते आणि उतार मिळेल तिकडे वाहते.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला. त्यात लाळेची नोंद आहे: ती घशाकडे नेली जात नाही, म्हणून तोंडातून सतत पाझरते. दोनशे वर्षांपूर्वी त्या माणसानं कारण अचूक धरलं होतं. आपण अजून ताकावर राग काढतोय.

[दृश्य: शाळेतली खुर्ची, पट्टे लावलेली. एक मुलगा पेल्यातून नळीनं पाणी पितोय.]

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा बिघडणं. ती असलेल्या मुलांचीही हीच गत. ग्रंथी ठीक असतात, पण ओठ मिटणं, जीभ मागे नेणं, मान सरळ धरणं या हालचालींचा मेळ बसत नाही. उपचाराची सुरुवात म्हणूनच औषधाआधी खुर्चीपासून होते. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मान सरळ. मग ओठांचे व्यायाम, नळीनं ओढून पिणं. नाक सतत चोंदलेलं असेल तर त्याचा इलाज, कारण तोंडानं श्वास घेणाऱ्यानं ओठ मिटायचे कसे?

पक्षाघातानं किंवा चेहऱ्याची नस दुखावल्यानं तोंड एका बाजूला वाकलं तर लाळ त्याच कोपऱ्यातून येते. हे अचानक झालं, सोबत हात लुळा पडला, शब्द अडखळले, तर झोप काढून बघू म्हणू नका. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

मानसोपचारात वापरलं जाणारं क्लोझापीन हे औषध घेणाऱ्या अनेकांची रात्रीत उशी भिजते. लाजून गोळी परस्पर बंद करणारे असतात, आणि मग मूळ आजार उसळतो. डॉक्टरांना सांगितलं तर डोस आणि वेळा बदलून बघता येतात.

[दृश्य: कपाशीचं शेत. पाठीवर पंप घेतलेला माणूस, तोंडाला नुसतं उपरणं.]

आता उलटी बाजू. इथे लाळ खरोखर जास्त सुटते.

फवारणीच्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट नावाचा गट आहे. मज्जातंतू ग्रंथींना निरोप धाडतात तो एका रसायनामार्फत. काम झालं की ते रसायन पुसून टाकणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. हे विष त्या विकरालाच बांधून टाकतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि छातीत स्राव भरत जातो. माणूस दगावतो तो या छातीतल्या पाण्यानं आणि श्वासाचे स्नायू थकल्यानं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा ज्या औषधांची नावं पुढे आली त्यांत याच गटातलं मोनोक्रोटोफॉस होतं.

फवारताना तोंडाला पाणी सुटू लागलं, मळमळलं, तर पंप तिथेच उतरवायचा. कपडे काढून अंग साबणानं धुवायचं आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत न्यायची. बाटलीवरचं नाव डॉक्टरांना फार उपयोगी पडतं.

[दृश्य: कोकणातलं घर. कौलं, रचलेली लाकडं.]

कोकणातल्या लाल विंचवाचं विषही असंच वादळ उठवतं. उलट्या, दरदरून घाम, तोंडातून लाळ, हातपाय गार. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात होते. विंचूदंशाचे रुग्ण त्यांनी रात्र रात्र उशाशी बसून पाहिले आणि हृदय कोलमडण्याआधीच्या या खुणा टिपल्या. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्या छापून आल्या. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीनं त्यांनी शेकडो जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

[दृश्य: रात्र. दवाखान्याचा दिवा.]

मुलाच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. कालपर्यंत लाळ न गळणारं लेकरू अचानक लाळ गाळू लागलं, घास नको म्हणतंय, तर अन्ननलिकेत नाणं किंवा खेळण्यातला गोल सेल अडकलेला असू शकतो. सेल काही तासांतच आतून भाजतो. आणि तापानं फणफणलेलं मूल हनुवटी पुढे काढून बसलंय, स्वतःची लाळही गिळत नाही, श्वासाला आवाज येतोय, तर चमचा घालून घसा बघायला जाऊ नका. सूज आलेला घसा तेवढ्यानंही बंद होऊ शकतो. आहे तसं बसवून थेट मोठं रुग्णालय गाठा.

[दृश्य: पुन्हा गॅलरी. संध्याकाळ.]

आजोबांसाठी काय काय आहे? लाळ कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, पण म्हातारपणी त्यांनी बद्धकोष्ठ होतं, लघवी अडते, कधी भ्रम होतो. बोटॉक्सचं इंजेक्शन थेट लाळग्रंथीत देतात, त्याचा गुण तीन-चार महिने टिकतो. आणि घशात उतरलेली लाळ श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होऊ नये म्हणून गिळण्याची तपासणीही करून घ्यावी लागते.

सध्या त्यांच्या वाचातज्ज्ञ बाईंनी फार साधा उपाय दिलाय. मनगटावर ठरावीक वेळानं थरथरणारं घड्याळ. थरथरलं की ओठ मिटायचे, मान वर, गिळायचं. नकळत होत नाही ना, मग मुद्दाम करायचं.

आजोबा नातीला काऊचिऊची गोष्ट सांगतायत. घड्याळ थरथरतं. चिऊचं घर मेणाचं, इथवर येऊन ते थांबतात. गिळतात. नात तोंडाकडे टक लावून बघत राहते.

“आणि काऊचं शेणाचं,” आजोबा म्हणतात.