सही होईपर्यंत

महालक्ष्मीहून ब्रीच कँडीकडे जाणारा हा रस्ता. जुनी माणसं अजून वॉर्डन रोडच म्हणतात, पण पाटीवर नाव आहे भुलाभाई देसाईंचं. मुंबईचे नावाजलेले वकील. नोव्हेंबर १९४५ ला ते दिल्लीत लाल किल्ल्यात उभे राहिले, आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लों यांच्यासाठी, आणि समोर निकाल द्यायला बसले होते सात लष्करी अधिकारी, कारण तो कोर्ट मार्शल होता.

कोर्टाने तिघांना जन्मभर काळं पाणी ठरवलं. पण कोर्ट मार्शलची शिक्षा वरच्या अधिकाऱ्याने कन्फर्म केल्याशिवाय लागू होत नाही, आणि देशभर लोक रस्त्यावर उतरलेले, सरसेनापती ऑकिनलेक यांनी ३ जानेवारी १९४६ ला काळं पाणी माफ केलं. बडतर्फी आणि पगारजप्ती मात्र ठेवली.

ही कन्फर्म करायची पद्धत १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टमध्येही आहे. जनरल कोर्ट मार्शल म्हणजे सगळ्यात वरचं लष्करी कोर्ट, त्याला किमान पाच अधिकारी लागतात, फाशी द्यायची तर दोन तृतीयांश मतं लागतात. आणि मत विचारताना सुरुवात सगळ्यात ज्युनिअरपासून करतात, म्हणजे साहेबांचं ऐकून त्याने मान डोलवायला नको. मला हा नियम फार आवडतो, ज्याने कुणी केला त्याला फौज आतून माहीत होती.

पण समरी, म्हणजे झटपट, कोर्ट मार्शलमध्ये यातलं काहीच नाही. तिथे जवानाचा स्वतःचा कमांडिंग ऑफिसर एकटाच कोर्ट असतो, सोबत दोघं बसतात पण त्यांना मत नाही. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, नोकरी जाऊ शकते, आणि शिक्षा लागू व्हायला सहसा कन्फर्मेशनची वाट बघावी लागत नाही. अधिकाऱ्यावर किंवा जेसीओवर, म्हणजे सुभेदार वगैरेंवर, असा खटला चालतच नाही, तो फक्त जवानावर आणि हवालदारापर्यंतच्या माणसांवर. हे मला पटत नाही, ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे सगळ्यात कमी त्याच्याच वाट्याला सगळ्यात आखूड कोर्ट.

आधी अशा जवानाला हायकोर्टात रिट करण्याशिवाय फारसा मार्ग नव्हता. २००९ पासून आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे फौजेतल्या माणसांच्या दाव्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण, आहे, त्याचं एक बेंच आपल्या मुंबईतच. पण समरीतून तिथे जायचं तर बडतर्फी हवी नाहीतर तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद. सातारा-सांगलीकडचा डिसमिस झालेला जवान फाइल काखेत मारून, रात्रीची एसटी पकडून इथे येतो तो त्यासाठी.