विसाच्या नोटेवरचे माड

नमस्कार मंडळी! इंदूरहून बोलतोय, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपाशी उभा आहे. मधूनमधून हॉर्न ऐकू येतील, चालवून घ्या.

(जुनी नोट कॅमेऱ्यापुढे) ही २० रुपयांची जुनी, तांबूस नोट. उलटी करतो. माड, मागे समुद्र. हे अंदमान. जुन्या शंभरावर कांचनगंगा होती. इंदूरच्या माणसानं दोन्ही कधी पाहिलेलं नसतं, पण रोज खिशात बाळगून तेही ‘आपलं’ होऊन जातं. निसर्गचित्र देशाच्या कामी येतं ते असं. माणूस मात्र दोन्हींत शोधून सापडत नाही.

आता इंग्लंडला चला. चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ (गवताची गाडी), साल १८२१. नदीच्या पाण्यात उभी, गवत नसलेली गाडी, काठावर कुत्रं, डावीकडे घर. पण तुम्ही उजवीकडे, पार लांब बघा. गवत कापणारे मजूर आहेत तिथे, ठिपक्यांएवढे! त्याच भागात तेव्हा शेतीची मंदी होती, १८२२ मध्ये शेतमजुरांचे दंगे झाले. चित्रात पानही हलत नाही. गंमत म्हणजे लंडनच्या प्रदर्शनात ते विकलं गेलं नाही, सुवर्णपदक दिलं ते १८२४ मध्ये पॅरिसनं. आज अस्सल इंग्लंड म्हणून हेच चित्र पुढे करतात.

आपल्याकडे देश रंगवला तो बाईच्या रूपात. चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांची ‘भारतमाता’, १९०५. चार हातांत धान्य, वस्त्र, पोथी, जपमाळ. डोंगर नाही की नदी नाही.

आणि आपलं इंदूर? देवळालीकर मास्तरांनी १९२७ मध्ये इथे चित्रशाळा सुरू केली. बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी, सगळे त्यांचे विद्यार्थी. जोशींची चित्रं बघा: माळव्यातली खेडी, ऊन, आणि त्या उन्हात वावरणारी माणसं. देशाचा झेंडा मिरवायचा म्हणून काढलेली ती नाहीत, म्हणूनच मला जास्त आवडतात.

नव्या नोटांवरून तर निसर्ग गेलाच. विसावर वेरूळ, शंभरावर गुजरातमधल्या पाटणची राणीची वाव (पायऱ्यांची विहीर), दोनशेवर आपल्या मध्य प्रदेशातला सांचीचा स्तूप.

तुमच्या गावचं चित्र नोटेवर छापायचं ठरलं, तर कुठली जागा निवडाल? आणि त्यात माणसं ठेवाल की काढून टाकाल? कॉमेंटमध्ये लिहा.