पाडव्यानंतरची वाट

रामकृष्ण हरी, माउली. दिंडीतल्या मंडळींनी मला ‘तयारीवर दोन शब्द बोला’ म्हणून उभं केलंय. मी काही डॉक्टर नव्हे. कार्तिकीला चालत जातो, चुका करतो आणि पुढच्या वर्षी त्या सांगत बसतो, एवढीच माझी लायकी.

आपल्याकडं बहुतेकांची सुरुवात आषाढीपासून झालेली, त्यामुळं पडशीसुद्धा आषाढीच्याच हिशोबानं भरली जाते. वर प्लॅस्टिकची खोळ, खाली दोन जोड कपडे. खोळ घ्याच, पण कार्तिकीत माणूस बेजार होतो तो दवानं आणि अंधारानं.

आधी अंधाराचं बघा. दिवाळीची अमावास्या झाली की पाडवा, आणि पाडव्यापासून अकराव्या दिवशी एकादशी. बेळगावाहून चिकोडी, मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला करत पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पाडव्याची ओवाळणी घेऊन निघालात, तर रोज तेवीस किलोमीटर पडतं. आता या अकराही दिवसांत चंद्र असतो संध्याकाळचा. शुद्ध पक्ष ना! रात्री मुक्कामाच्या अंगणात छान चांदणं असतं, आणि पहाटे चारला आपण निघतो तेव्हा चंद्र कधीच मावळलेला असतो, अगदी एकादशीलासुद्धा. आषाढीपेक्षा दिवसही दीड तासानं लहान. त्यात आपल्या भागात हेच दिवस ऊसतोडीचे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं दिवा असेल तर नशीब, आणि वर टेपरेकॉर्डर एवढा मोठा की त्याला आपले टाळ ऐकूच येत नाहीत. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या पाठीवर चमकणारी पट्टी हवी, हातात बॅटरी हवी. पताकेच्या काठीलाही पट्टी चिकटवा. विठोबा रागावणार नाही.

हवा कशी असेल हे विचारू नका, एकादशी कधी आहे ते विचारा. 2022 साली ती 4 नोव्हेंबरला होती, 2023 साली अधिक महिन्यामुळं 23 नोव्हेंबरला. लवकर आली तर निघताना अजून स्वातीचा पाऊस गाठू शकतो. उशिरा आली तर सांगोल्याच्या माळावर पहाटे दात वाजतात आणि दुपारी बारा वाजता डोक्यावरची तुळस कोमेजते. एकाच दिवसात शाल आणि टोपी दोन्ही लागतात. पहाटेचं थंड वाटतं म्हणून पाणी पीत नाही, आणि पुढं कोरडा वारा घाम दिसूच देत नाही. तहान लागायची वाट बघू नका. मीठ-साखरेचं पाणी नाहीतर ताक, थोडं थोडं घेत राहा.

आता पाय. पहाटे रस्त्याच्या कडेच्या गवतातून चाललं की मोजे चिंब होतात, पातळाचा काठ भिजतो, आणि आपण म्हणतो, ‘ऊन पडलं की वाळेल.’ वाळतं, पण तोवर कातडी मऊ पडून सोलते. एका वर्षी मी मांजरी-अंकलीचा कृष्णेवरचा पूल असाच ओल्या मोज्यांनी ओलांडला आणि पुढचे दोन दिवस टेम्पोत बसून अभंग म्हटले. तेव्हापासून उजाडलं की पहिला थांबा मोजे बदलायचा, चहा नंतर. फोड आला तर वरची कातडी उपटू नका. साखरेच्या रोग्यांनी तर अनवाणी चालायचा नवस बोलूच नये. त्यांना काटा रुतलेला कळत नाही. आणि परतीचा पाऊस पडला असेल तर खानापूरच्या तांबड्या मातीची सवय चिकोडीच्या पुढं विसरा. तिथली काळी माती चपलेला अशी धरते की पाय उचलेना.

संध्याकाळी पाय शेकायला गरम पाणी मागायचं तर रायबाग-चिकोडीकडं ‘बिसी नीर’ म्हणा. मराठीतही देतात, पण असं मागितलं की आतून चहासुद्धा येतो.

एक विसरत होतो, आमच्या पखवाजवाल्या काकांचं. दवानं पुडी, म्हणजे पखवाजाचं कातडं, सैल पडून सुरातून उतरते, आणि सकाळचा काकडा बेसूर होतो. ते आपली शाल पखवाजाला गुंडाळतात आणि स्वतः कुडकुडत झोपतात. यंदा एक जादा घोंगडं कुणी घेतंय का? हात वर करा. बाकीच्यांनी रविवारी भजनाला येताना पडश्या भरूनच आणा. इथंच उघडू आणि अर्धं सामान घरी पाठवू.