घंटी वाजायच्या आत

सकाळचे साडेआठ. नागपूरच्या मेडिकल चौकातल्या ठेल्यावर तर्री-पोह्याला गर्दी आहे. पांढरा अॅप्रन हातावर टाकलेली एक मुलगी दोन घास खाऊन प्लेट तशीच ठेवते. आज तिची अॅनाटॉमीची, म्हणजे शरीररचनेची, स्पॉटिंग परीक्षा आहे.

स्पॉटिंग म्हणजे ओळीनं मांडलेली टेबलं. कुठं हाड, कुठं अवयव, कुठं स्लाइड. ओळखायचं, लिहायचं, घंटी वाजली की पुढं सरकायचं. रात्री होस्टेलच्या खोलीत डोळे मिटून सांगितलेली नस आता समोर आहे, आणि नाव आठवत नाही. घंटी वाजते. कोरी राहिलेली ओळ तिच्यासोबत पुढच्या टेबलावरही जाते.

"अभ्यास नव्हता झाला का?" बाहेर सगळे हेच विचारतात. हा प्रश्न तिच्यावर अन्याय करणारा आहे. अभ्यास झालेला असतो. पण एका वेळी मनात थोडंच मावतं, आणि "नापास झाले तर?" या एका विचारानं त्यातली बरीच जागा अडवलेली असते. मग मार्क कमी पडतात, धास्ती वाढते, झोप उडते. वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते तर बरंचसं झोपेत.

जगभरातल्या चाळीस हजारांवर वैद्यकीय विद्यार्थ्यांची माहिती २०१९ साली एकत्र मांडली गेली. ३३.८ टक्के जणांत चिंतेची लक्षणं होती. तिघांत एक. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, एमबीबीएसच्या एका बॅचला २५० जागा आहेत. हाच हिशेब लावला, तर त्यातले ऐंशीच्या वर.

ही मुलगी गडचिरोलीची, मराठी शाळेत शिकलेली. गावानं सत्कार करून पाठवलेली. पहिल्या इंटर्नलला नापास झाली, तेव्हा घरी फोनवर म्हणाली होती, "छान चाललंय, बाबा."

मानसोपचाराची ओपीडी याच आवारात आहे. पण तिथं आपलाच सीनियर बसलेला असेल, या भीतीनं पाय अडतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं. आणि परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवली, तर परीक्षेला फार घाबरणाऱ्या मुलांचे मार्क सुधारले, असं २०११ सालच्या एका प्रयोगात दिसलं. दहा मिनिटं! एवढा वेळ कुठल्याही कॉलेजला देता येईल.

रात्री होस्टेलच्या जिन्यावर ती फोन लावते.

"बाबा, आज दोन स्पॉट कोरे गेले. मला लय भीती वाटते."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग आवाज येतो, "जेवली का बेटा? सांग, काय झालं ते."