अकरा महिन्यांचा कागद

नमस्कार श्रोतेहो.

जून लागला की नागपुरात धरमपेठ, नंदनवन, मनीषनगरात 'रूम भाड्याने देणे आहे'च्या पाट्या झळकतात आणि गडचिरोली-चंद्रपूरकडची पोरं बॅगा घेऊन दारोदार फिरतात. खोली पसंत पडली की घरमालक अकरा महिन्यांचा कागद पुढे करतात. एका कागदात मी वाचलं, कूलर लावल्यास महिन्याला वेगळे पैसे. नागपूरच्या मे महिन्यात कूलर ही चैन म्हणणाऱ्याला दंडवतच घालावा! पण ही अट बेकायदा नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठराविक काळ घर वापरू देण्याच्या, अशा करारात भाडं किती, वाढ किती, हे दोघांनी ठरवायचं. अडलेला भाडेकरू काय ठरवणार म्हणा.

सरकारी योजनेतल्या भाड्याच्या घरांचं तसं नाही. केंद्राने 2020 साली स्थलांतरित कामगार, विद्यार्थी यांच्यासाठी परवडणाऱ्या भाडे-संकुलांची योजना आणली. तिथे सुरुवातीचं भाडं स्थानिक संस्था ठरवते. पुढे दर दोन वर्षांनी 8 टक्के वाढ, पाच वर्षांत मिळून 20 टक्क्यांच्या वर नाही. घासाघीस नाही, मेहरबानीही नाही. अडचण एवढीच की अशी घरं मोजकी आणि मागणारे ढीगभर.

विदर्भाने दुसरं टोकही पाहिलं आहे. 1949 च्या भाडे नियंत्रण आदेशानुसार घरमालकाला भाडेकरार संपवण्याची नोटीस द्यायलाही भाडे नियंत्रक या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागायची. 2000 साली राज्याचा नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, तेव्हा तो आदेश गेला. महाल-इतवारीतल्या जुन्या भाडेकरूंना आजही संरक्षण आहे, भाडं वर्षाला 4 टक्क्यांनी वाढतं. मालकाच्या बाजूने पाहिलं तर तेवढ्यात छपराची डागडुजीही होत नाही, हेही खरंच.

नवीन भाडेकरूच्या हाती मात्र एकच गोष्ट उरते, ती म्हणजे नोंदणी. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. त्याच नव्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ते मालकाने. शिवाय 5,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे नोटरीच्या शिक्क्यावर भागवणारे घरमालक काका स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात.

खर्च? 8,000 रुपये भाडं आणि 20,000 डिपॉझिट असेल, तर अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क सव्वादोनशेच्या घरात, शहरात नोंदणी फी 1,000. हा खर्च कोणी करायचा, हे चावी घेण्याआधीच बोलून घ्या. आणि कूलरचंही.