मालक खालशात, मी मोगलाईत

(दृश्य : सीना नदीचं पात्र, ड्रोनमधून. पुलावरून जाणारा कडब्याचा ट्रॅक्टर.)

ही सीना. डाव्या काठाला परंडा तालुका, उजव्या काठाला करमाळा. आज हा पूल ओलांडायला मिनिट लागत नाही. १९४८ साली याच पाण्यावर राज्य बदलायचं. पलीकडे, करमाळ्याच्या काठाला, स्वतंत्र भारत, लोकांच्या बोलीत खालसा. अलीकडे, परंड्याच्या काठाला, निजामाचं हैदराबाद संस्थान, म्हणजे मोगलाई. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाचही जिल्हे मोगलाईत होते.

१५ ऑगस्ट १९४७ ला पलीकडे तिरंगा लागला आणि अलीकडे त्याच दिवशी निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. २९ नोव्हेंबरला दिल्ली आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, म्हणजे आहे तसंच चालू ठेवायचं. कागदावर वर्षभराची शांतता होती. गावांत मात्र रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद स्वयंसेवक, फिरत होते. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी याच मुलखात, लातूरला वकिली करायचा.

(दृश्य : वाड्याची ओसरी. आजींचे हात, मांडीवर घोंगडी.)

आजींचं लग्न होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. नवरा स्टेट काँग्रेसचा, म्हणजे निजामाविरुद्ध लढणाऱ्या संघटनेचा. निजामाचा महसूल बुडवायला शिंदीची झाडं तोडण्याच्या सत्याग्रहात त्याचं नाव पोलिसांकडे गेलं होतं.

“मालक रातीतच गेले. मला न्हाई सांगितलं. आत्याबाईस्नी सांगून गेले.”

(दृश्य : पडझड झालेला करोडगिरी नाका. दगडी चौथरा, बाभळी.)

हद्द म्हणजे काय होतं, ते या चौथऱ्यावर उभं राहिलं की कळतं. हा करोडगिरी नाका. इथून जाणाऱ्या मालावर निजाम सरकार जकात घ्यायचं. निजामाची नाणी वेगळी, त्याला हाली सिक्का म्हणत. पलीकडे भारताचा कलदार रुपया. हैदराबाद सरकारनं वटहुकूम काढून भारतीय चलनाचा व्यवहार बंद केला, म्हणजे नवऱ्यानं पलीकडून चार रुपये धाडले तरी अलीकडे ते उघडपणे मोडता येत नव्हते. टपालखातंही निजामाचं स्वतःचं, तिकिटं स्वतःची. भारतानं नाकेबंदी केल्यावर मीठ, रॉकेल आणि औषधं मिळेनाशी झाली. ती झळ निजामाच्या महालाआधी या ओसरीवर पोचली.

त्यात बार्शी तालुक्यातली काही गावं चारी बाजूंनी निजामाच्या मुलखानं वेढलेली. शेजारच्या गावी जायचं तरी परमुलूख आडवा.

(दृश्य : बार्शी. जुन्या गल्ल्या, बाजार, मोंढा.)

गेलेली माणसं बार्शी, सोलापूर, मनमाड, उमरखेड अशा हद्दीवरच्या गावांत जमली. तिथे सरहद्दीचे कॅम्प उभे राहिले. दिवसा कवायत, बंदुकीचं शिक्षण. रात्री हद्द ओलांडून नाक्यांवर आणि पोलीस चौक्यांवर हल्ले, सरकारी दप्तर जाळणं. आपण पाहिलेला चौथरा असाच रिकामा झाला. हा इतिहास पुस्तकांत आहे, पुतळ्यांवर आहे, दर १७ सप्टेंबरच्या भाषणांत आहे, आणि तो असायलाच हवा.

पण कॅम्पमधल्या प्रत्येक विवाहित माणसामागे अलीकडे एक घर होतं. ज्यांना बार्शीत भाड्यानं खोली परवडत होती, त्यांनी बायकामुलं नेली. ज्यांच्या दावणीला जनावरं, अंथरुणाला खिळलेला सासरा आणि रानात उभी ज्वारी, त्यांच्या बायका मागे राहिल्या. झडती त्यांच्या घरांची झाली. “नवरा कुठाय?” हा सवाल त्यांना झाला.

(दृश्य : घोंगडीचा कोपरा, जवळून.)

निरोप लिहून धाडायचा नाही, हे सासूबाईंनी बजावलं होतं. झडतीत कागद सापडला तर नेणारा आणि देणारी, दोघंही अडकणार. आजींना लिहिता येतही नव्हतं. गुरं घेऊन बार्शीच्या बाजाराला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर घोंगडी जायची. कोपऱ्याला पांढरा दोरा घातलेला असला, तर गावात रझाकार नाहीत, रात्री येऊन जा. दोरा नसला, तर येऊ नका.

“कितींदा दोरा घातला आन् परत उसवला. मानूस निघायच्या टायमाला खबर यायची.”

या कोपऱ्याला टाक्यांची भोकं अजून दिसतात. कवायत करणाऱ्या टोळीला वाट सुरक्षित आहे की नाही, हे ठरवणारी बाई ओसरीवर बसलेली होती. हद्दीवरचं हे कामच होतं, आणि पकडली गेली असती तर शिक्षाही तिलाच होती.

(दृश्य : नळदुर्ग किल्ला, बोरी नदी, पाणीमहाल.)

१३ सप्टेंबर १९४८. सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेनं नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. पूल उडवला गेला असता तर हैदराबादचा हा रस्ता अडला असता. पुढे तुळजापूर, उमरगा. १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी निजामाच्या फौजेचे सेनापती जनरल एल एद्रूस यांनी भारतीय फौजेचे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली. पाच दिवसांत राज्य संपलं.

आजींचे मालक त्या महिन्याअखेर चालत आले. अनेकींचे आले नाहीत. आणि या लष्करी कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्ग्याकडे सूडानं हजारो मुसलमान मारले गेले. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं ते दिल्लीला लिहून कळवलं. त्या घरांतल्या बायकांनाही नवरा परत दिसला नाही.

(दृश्य : पत्र्याची पेटी, पेन्शनचे कागद.)

१९७२ साली केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजना आली. तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा हवा. बायकांसाठी तुरुंगवासाची मुदत कमी होती, पण पुरावा लागायचाच. घोंगडीवरच्या दोऱ्याचा पुरावा कोण देणार? मालकांना पेन्शन मिळाली. ते गेल्यावर आजींच्या नावावर आली, त्यांची पत्नी म्हणून. स्वतःच्या कामाचा अर्ज आजींनी कधी भरलाच नाही. भरता येतो, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या घरी, गल्लीत, गावात त्या काळातली आजी असेल, तर तिचं बोलणं या आठवड्यातच मोबाईलवर रेकॉर्ड करा. नवरा कुठल्या कॅम्पात होता हे नंतर विचारा. आधी तिचं माहेरचं नाव विचारा, आणि ते महिने तिनं घर कसं चालवलं, ते सांगू द्या.